जुन्या मोटारीचा वाढता इंधनखर्च : निदानाची योग्य पद्धत

मेहकर हे पैनगंगेच्या काठी वसलेले, शारंगधर बालाजीच्या मंदिरामुळे दूरवर परिचित असलेले तालुक्याचे ठिकाण. येथील शिक्षक, कर्मचारी व पंचायतीचे पदाधिकारी यांना चिखली, लोणार, बुलढाणा या गावी कामानिमित्त वारंवार जावे लागते. दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली जुनी मोटार हाच अनेकांचा आधार असतो. अशी मोटार अधिक पेट्रोल पिऊ लागली की "आता इंजिन उतरवावे लागेल" असा सल्ला मिळतो आणि पगाराचा मोठा भाग त्यात खर्ची पडतो. पुष्कळदा मूळ दोष मात्र तेथे नसतोच.

समजा, पूर्वी लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार आता ११ किलोमीटर जाते. महिन्याला १,००० किलोमीटर प्रवास असल्यास वर्षाला सुमारे २९० लिटर पेट्रोल अधिक जळते. म्हणून निदान क्रमाने व्हावे. बिनखर्ची तपासणी आधी आणि इंजिन उघडणे सर्वांत शेवटी, हे त्याचे सूत्र होय.

मोजमाप आधी

काट्यावरून केलेला अंदाज विश्वसनीय नसतो. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी आणि अंतरास भरलेल्या लिटरने भागावे. असे किमान तीनदा करावे. शासकीय वाहनाच्या लॉगबुकाप्रमाणे घरच्या मोटारीचीही वही असावी. टायर मूळ मापाचे नसल्यास अंतराचा आकडाच चुकतो. तो रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहावा. मोटार उभी असताना पेट्रोलचा वास येत असेल, तर गळतीचा शोध तत्काळ घ्यावा. तेथे आगीचाही धोका असतो.

बदल मोटारीत की वापरात?

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि मेहकर परिसर त्या मार्गाशी जोडला गेला. वेग वाढला, परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवल्यास हा विरोध दीडपटीहून अधिक होतो. इंधनही बदलले आहे. पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणामुळे जुन्या रचनेच्या चारचाकींची इंधनक्षमता सुमारे ६ ते ७ टक्के घटते. वरील उदाहरणातील घट सत्तावीस टक्के आहे. म्हणजे केवळ इंधनास दोष देऊन भागणार नाही.

चाकांकडून इंजिनाकडे

टायरमधील हवा थंड अवस्थेत, शक्यतो सकाळी तपासावी. उन्हातून आल्यावर घेतलेले माप फसवे असते. नंतर जॅकवर उचलून प्रत्येक चाक हाताने फिरवावे. जड फिरणारे चाक म्हणजे ब्रेक धरून राहिल्याची खूण. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही, तर क्लच घसरत आहे असे समजावे.

यानंतर तापमान पाहावे. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा आहे. ती महाग पडते. इंजिन थंडच राहते आणि नियंत्रक यंत्रणा ते नुकतेच सुरू झाले असे समजून जादा पेट्रोल देत राहते. तापमानाचा सेन्सर बिघडल्यासही हेच घडते. कार्बोरेटरच्या मोटारीत अडकलेला चोक व तुंबलेला एअर फिल्टर पेट्रोल वाढवतात. इंजेक्शनच्या मोटारीत फिल्टरपेक्षा निकामी ऑक्सिजन सेन्सरकडे आधी लक्ष द्यावे.

प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्रही येथे उपयोगी पडते. त्यावरील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मागील वेळेपेक्षा बराच वाढला असेल, तर पेट्रोल पूर्ण जळत नाही, हे उघड होते. स्पार्क प्लगवरील कोरडी काळी काजळी त्यास दुजोरा देते; प्लग तेलकट असल्यास इंजिनऑइल ज्वलनकक्षात शिरत आहे, असे मानावे.

अखेरची कसोटी

इतके करूनही दोष सापडला नाही, तरच कॉम्प्रेशन तपासावे. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरला, तर त्यात थोडे इंजिनऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये असण्याचा संभव अधिक. इंजिन उतरवण्याचा निर्णय या मोजमापावर घ्यावा, केवळ किलोमीटरच्या आकड्यावर नव्हे. एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि पुन्हा टाकी भरून मोजावे. अन्यथा गुण कशाने आला, हे कळत नाही.

आपला देश गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. इंधन बचतीच्या प्रसारासाठी पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन १९७८ पासून कार्यरत आहे. तथापि, बचतीचा आरंभ प्रत्येकाच्या दारातील मोटारीपासूनच व्हावयास हवा. त्यासाठी लागते एक वही, हवा मोजण्याचे साधन आणि थोडा धीर.