पाची बोटे सारखी नसतात

दसरा-दिवाळी झाली, की आपल्या बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर, केज, धारूर, वडवणी. जिकडे पाहावे तिकडे बिऱ्हाडे बांधलेली. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रक येतो. टोळी चढते. ऊसतोडीला निघते.

अशी एक टोळी आपण डोळ्यांपुढे आणू. तिच्यात एक चुलता आहे, चुलती आहे, आणि त्यांचा विशीतला पुतण्या आहे. पुतण्याला आपण 'धाकटा' म्हणू.

धाकटा फार बोलत नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहत नाही. रात्री ट्रक भरताना एकदम हॉर्न वाजला, की कानांवर हात ठेवतो आणि लांब जाऊन बसतो. न सांगता फड बदलला, तर जागचा हलत नाही. पण त्याला मोळ्या बांधायला लावा! सगळ्या मोळ्या सारख्या. एक सुटत नाही. दिवसभरात किती झाल्या, तेही तोंडपाठ.

टोळीतले लोक काय म्हणत? कुणी म्हणे, "येडं हाय." कुणी म्हणे, "बाहेरचं लागलंय. देवरुष्याकडं न्या." मुकादमाने तर त्याचे नाव हिशेबात धरलेच नाही. तो म्हणे, "चुलत्यासंगं येतंय, दोन टाइम खातंय. लई झालं."

एक दिवस चुलती म्हणाली, "मुकादम भाऊ, मोळ्या त्यानंच बांधल्या ना? मग त्याचा घाम काय पाणी हाय का?"

मुकादमाला उत्तर सुचले नाही. ते उत्तर आपण शोधू.

काळ्या रानात ज्वारी जोमाने येते. हलक्या रानात बाजरी येते. तू ज्वारी का झाली नाहीस, म्हणून बाजरीला कुणी मारतो का? माणसाच्या मेंदूचेही तसेच आहे. सगळ्यांची घडण एक नसते.

काहींना लोकांत मिसळणे जड जाते. आवाज, गोंगाट सोसत नाही. रोजचा क्रम मोडला, की जीव घाबरा होतो. याला 'स्वमग्नता' म्हणतात. काहींचे चित्त एका जागी ठरत नाही. हात-पाय सारखे चाळवतात. काही जण बोलण्यात हुशार असतात, पण अक्षरे काही केल्या जुळत नाहीत. २००७ साली 'तारे जमीन पर' नावाचा सिनेमा आला. त्यातल्या मुलाला हीच अडचण होती. आपल्यापैकीही कुणी लहानपणी 'ढ' म्हणून छड्या खाल्ल्या असतील, शाळा सोडली असेल. तो आळस नसेलही. ही अडचण असेल.

ही घडण बहुधा जन्मापासूनची असते. हे भूत नव्हे, करणी नव्हे, मागल्या जन्मीचे पाप नव्हे. आईच्या हातून काही चुकले, असेही नव्हे. म्हणून अशा माणसाला बांधून ठेवू नये, मारू नये.

डेन्मार्क नावाचा एक देश आहे. तिथे थोर्किल सोन्ने नावाच्या गृहस्थांचा मुलगा स्वमग्न होता. मोठा झाल्यावर याला काम कोण देणार, ही बापाला काळजी. त्यांनी २००४ साली स्वतःच एक कंपनी काढली. संगणकाच्या कामातल्या चुका शोधण्याचे काम स्वमग्न माणसांना दिले. त्यांनी ते चांगले केले.

पण एक ध्यानात ठेवा. असे प्रत्येक माणूस काही विशेष हुशार असतोच, असे नाही. कुणाला एखादे काम साधते, कुणाला नाही. माणुसकीचा हक्क मात्र दोघांनाही आहे.

अशा माणसाला कामावर कसे वागवावे?

एका वेळी एकच काम सांगा. तोंडाने सांगून भागले नाही, तर हाताने करून दाखवा. उद्या फड बदलणार असेल, तर आज सांजेलाच सांगा. गोंगाटापासून बाजूला बसून थोडा दम घेऊ द्या. ज्याचे चित्त उडते, त्याच्या हाती कोयता देताना जपा. त्याला दुसरे काम द्या. चेष्टा करू नका. आणि कामाचे दाम पुरते द्या.

यात खर्च काय आहे? काहीच नाही. थोडी समज लागते.

सरकारनेही २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा केला. त्यात २१ प्रकार धरले आहेत. स्वमग्नता आणि लिहिण्या-वाचण्याची ही अडचण त्यांत आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना निदान ४ टक्के जागा ठेवाव्यात, असे कायदा सांगतो. अडचण फार असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते. त्यासाठी बीडच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे. तिथे मनाच्या डॉक्टरांना दाखवता येते. देवरुष्याकडे पैसे घालवू नका.

आता आपल्या टोळीकडे वळू. मुकादम रात्रभर विचार करत होता. दुसऱ्या दिवशी त्याने हिशेबाची वही काढली. धाकट्याला बोलावले नाही, तोच त्याच्याजवळ गेला. हळू आवाजात म्हणाला, "उद्या वढ्यापलीकडचा फड हाय. मोळ्या तुझ्याकडं." धाकट्याने मान हलवली. सकाळी तो सगळ्यांच्या आधी फडात होता.

चुलती साक्षरता वर्गात शिकली होती. तिने वही हातात घेतली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. चुलत्याच्या नावाखाली धाकट्याचे नाव होते. पुढे त्याच्या मजुरीचा आकडाही होता. तो तिने दोनदा वाचला.

प्रश्न

१. मुकादमाने आधी धाकट्याचे नाव वहीत का धरले नव्हते? ते बरोबर होते का?
२. धाकट्याला कशाचा त्रास होई? कोणते काम चांगले जमे?
३. तुमच्या गावात, टोळीत असे कुणी आहे का? त्याच्यासाठी तुम्ही काय कराल?
४. तुमच्या घरच्या हिशेबाच्या वहीत कुणाकुणाची नावे आहेत? स्वतः वाचून पाहा.