फादर, यंदा कोणाला?

१. निवडणूक आली की रविवारच्या मिस्सानंतर आमच्या वसईच्या चर्चच्या आवारात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. फादरांनी नाव सांगावं, म्हणजे आपल्या डोक्याचा ताप गेला! पण धर्मगुरूने राजकीय पक्षाच्या कामात पडू नये, असं खुद्द चर्चचा कायदा सांगतो. धर्माच्या नावावर मत मागणं देशाच्या कायद्यातही बसत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात उमेदवाराबरोबर मतदाराचा धर्मही धरला. तेव्हा फादर गप्प बसतात ते भित्रेपणाने नव्हे. (कधीकधी भित्रेपणानेही, पण ते असो.)

२. आडनाव पाहून बटण दाबू नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘हरित वसई’च्या काळात पाणी आणि जमीन वाचवायला रस्त्यावर उतरलेले आपलेच होते, आणि बिल्डरला जमिनी विकणारेही आपलेच.

३. ‘पाकीट घेतलं, पण मत मनासारखं दिलं.’ ही पळवाट चालत नाही. घेणाराही गुन्हेगारच.

४. सगळेच वाईट म्हणून ‘नोटा’ दाबणारे सात्त्विक लोक आमच्याकडे पुष्कळ. २०१३ पासून ती सोय आहे. पण विधानसभा-लोकसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे, तोच निवडून येतो. हात येशूला क्रुसावर पाठवणाऱ्या पिलातानेही धुतले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिसना अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल विचारलं गेलं. एकीकडे गर्भपाताचं समर्थन, दुसरीकडे स्थलांतरितांना हाकलणं. दोन्ही जीवनाच्या विरोधात, असं ते म्हणाले. तरी मत द्या, त्यातल्या त्यात कमी वाईट निवडा. कमी वाईट कोण, हे मात्र ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकाला विचारायचं! मी विचारते ते असं: हा निवडून आला तर सर्वांत जास्त कोण भरडलं जाईल? आणि ती माणसं माझ्या ओळखीची नाहीत म्हणून मी त्यांना हिशेबातच धरत नाही, असं तर नाही?

५. उदाहरणार्थ, दलित ख्रिस्ती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ते अनुसूचित जातींच्या बाहेर राहिले. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. नगर-मराठवाड्यातल्या आपल्या बांधवांच्या पोटाचा हा प्रश्न. आमच्याकडे उमेदवार आला की विषय निघतो दफनभूमीच्या कुंपणाचा, नाहीतर पेव्हर ब्लॉकचा. एकाला मी १९५० चं विचारलं. त्याने कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्त्याने वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि मला विचारलं, “ताई, कुंपण किती फुटी हवंय?”