बुरशीचा मका म्हशीला भरडून घालावा का?



उचगावात आणि आपल्या करवीर तालुक्यात जिच्या दारात म्हैस आहे, तिच्या घरात बहुधा मक्याचं पोतं असतंच. पावसाळ्यात पोत्याच्या तळाचे दाणे ओल धरतात, एकमेकांना चिकटतात, वर पिवळट-हिरवी पूड दिसते. मग आपण म्हणतो, "माणसाला नको, म्हशीला भरडून घालू." या वेळचा पाठ या भरड्याबद्दलच आहे.

या बुरशीचं नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. मका, ज्वारी, तांदूळ, शेंगदाणा यांवर ती वाढते. ओल आणि ऊब मिळाली की ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष यकृत बिघडवतं. थोडं थोडं बरेच दिवस पोटात गेलं, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

१९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात आदिवासी कुटुंबांच्या खाण्यात पावसानं भिजून बुरसलेला मका आला. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं दगावली. तेच अन्न खाणारी घरची कुत्रीही मेली.

बुरशी झटकली, दाणे धुतले, भाजले, शिजवले तरी विष पूर्ण जात नाही. असा भरडा म्हशीनं खाल्ला की त्या विषाचा अंश दुधात उतरतो. तेच दूध लेकरांच्या पेल्यात आणि डेअरीच्या कॅनमध्ये जातं. म्हणून बुरशीचा मका म्हशीला नको, कोंबड्यांनाही नको. खड्डा काढून पुरून टाका. टाकताना जीव हळहळतो खरा, पण म्हशीचं दुखणं आणि लेकरांचा दवाखाना त्याहून महाग पडतो.

बुरशी येऊच नये म्हणून :

१. कणसं मातीवर नको, ताडपत्रीवर वाळवा. संध्याकाळी झाका.
२. फुटके, किडके दाणे आधी निवडून काढा. बुरशी तिथूनच शिरते.
३. पोती फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.
४. भरडा आठवड्याला लागेल तेवढाच काढा.

मका वाळला का, हे मिठानं कळतं. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मका आणि दोन चमचे कोरडं मीठ घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं, तर मका ओला आहे. नाही चिकटलं, तरी आणखी एक ऊन देऊन मगच पोतं शिवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या पोत्याच्या तळाचा मूठभर मका आणा. एका बाटलीत सगळ्यांचीच परीक्षा होईल.