चार सहप्रवासी

एका गाडीत बसलेली माणसे एकाच दिशेने जातात; परंतु तेवढ्याने ती एकमेकांची सोबती होत नाहीत. सोबत जडण्यास काळ लागतो, आणि पुष्कळदा एखादे संकटही यावे लागते. इंग्लंडमधील एका दूरचित्रवाणी-मालिकेत ही गोष्ट फार चांगल्या रीतीने दाखविलेली आहे. त्या विज्ञानकथेचे नाव 'डॉक्टर हू' म्हणजे 'डॉक्टर कोण?' असे आहे.

लंडनच्या बी. बी. सी. या संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी, या मालिकेचा पहिला भाग दाखविला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या वार्तेने सारे जग सुन्न झाले असताना एका नव्या कथेकडे कोणाचे लक्ष जाणार! म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवून मगच दुसरा भाग दाखविण्यात आला. मालिकेच्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट या त्या वेळी अवघ्या २७ वर्षांच्या होत्या. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन तर २४ वर्षांचेच होते. त्यांचा जन्म १९३८ साली आपल्या देशात, लखनौ येथे झाला होता.

कथेचा आरंभ लंडनमधील एका शाळेत होतो. इयान चेस्टरटन हे तेथे शास्त्र शिकवीत आणि बार्बरा राइट या इतिहास शिकवीत. त्यांच्या वर्गात सुसान नावाची पंधरा वर्षांची एक मुलगी होती. कित्येक विषयांत तिचे ज्ञान शिक्षकांहूनही अधिक होते. परंतु अगदी साध्या गोष्टी तिला ठाऊक नसत. या मुलीचे घर तरी कसे आहे, हे पाहावे म्हणून दोघे शिक्षक एका रात्री तिच्या मागोमाग गेले. ती भंगार सामानाच्या एका आवारात शिरली. तेथे पोलिसांना दूरध्वनी करण्यासाठी त्या काळी रस्त्यावर असे तशी एक निळी पेटी उभी होती. दोघे आत शिरले आणि थक्क झाले. बाहेरून कपाटाएवढी दिसणारी ती पेटी आतून मोठ्या दालनाएवढी होती! ते टार्डिस नावाचे यान होते. अवकाशातून आणि काळातूनही ते प्रवास करू शकत असे.

यानाचे स्वामी म्हणजे सुसानचे आजोबा. त्यांना सर्व जण 'डॉक्टर' म्हणत. ते दुसऱ्या ग्रहावरून आलेले, मोठे बुद्धिमान, परंतु तापट व संशयी गृहस्थ होते. हे दोघे बाहेर जाऊन आपले गुपित फोडतील, अशी भीती त्यांना वाटली. सुसानने विनविले, तरी त्यांनी दार बंद केले आणि यान सुरू केले. अशा रीतीने चार माणसांचा प्रवास सुरू झाला. दोघांना यायचे नव्हते आणि तिसऱ्याला ते नको होते. शिवाय यान हवे तेथे नेणे डॉक्टरांनाही साधत नसे. त्यामुळे शिक्षकांना घरी परत पोहोचविणे त्यांच्या हाती नव्हते.

यान थांबले ते अश्मयुगात. तेथील रानटी टोळीने चौघांना पकडून गुहेत कोंडले. टोळीला अग्नी हवा होता, आणि हे परके तो निर्माण करू शकतात अशी त्यांची समजूत झाली होती. एका रात्री चौघे गुहेतून निसटले. त्यांचा पाठलाग करणाऱ्या झा नावाच्या माणसावर रानात एका श्वापदाने झडप घातली. त्याची किंकाळी ऐकताच बार्बराबाई माघारी वळल्या. शत्रू असला तरी तो जखमी माणूस होता. त्या व इयान त्याच्या जखमा धुऊ लागले व त्याला उचलून नेण्याची सोय करू लागले. डॉक्टरांना हा विलंब असह्य झाला. त्यांनी हळूच एक अणकुचीदार दगड उचलला. इयानने ते पाहिले आणि त्यांचा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी ओशाळून उत्तर दिले की, वाटेचा नकाशा काढण्यासाठी दगड या माणसाच्या हाती द्यावयाचा होता! त्या उत्तरावर विश्वास ठेवणे कठीण होते.

या दयेचे फळ लगेच मिळाले असेही नाही. चौघे यानापाशी पोहोचण्यापूर्वीच पुन्हा पकडले गेले आणि मोठ्या युक्तीने पुढे सुटले. तथापि त्या रात्री एक गोष्ट घडली. ज्ञानाने सर्वांत मोठ्या असलेल्या माणसाचा हात एका साध्या शिक्षकाने अडविला. डॉक्टरांना यान चालविता येत होते. परंतु आपण कोठे थांबावे, हे सांगणारा कोणी त्यांच्याजवळ आजवर नव्हता.

दुसऱ्या कथेत यान एका उजाड ग्रहावर उतरले. दूरवर एक नगर दिसत होते. ते पाहण्याची डॉक्टरांना फार उत्कंठा लागली; परंतु इतरांना तेथे जावयाचे नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी यानात मुद्दाम बिघाड केला आणि नगरात जाऊन पारा आणल्यावाचून यान चालणार नाही, अशी थाप मारली. त्या नगरात किरणोत्सार पसरलेला होता. चौघेही आजारी पडले, आणि यंत्रकवचात राहणाऱ्या डॅलेक नावाच्या क्रूर प्राण्यांच्या हाती सापडले. तेथे डॉक्टरांना आपल्या थापेची कबुली द्यावी लागली. एकाच्या खोटेपणाची किंमत चौघांना मोजावी लागली होती.

तिसऱ्या कथेचे दोनच भाग आहेत. ते फेब्रुवारी १९६४ मध्ये दाखविले गेले. त्यांत चौघांवाचून दुसरे कोणीही नाही, आणि सर्व प्रसंग यानातच घडतात. यानात अचानक स्फोट होतो, सर्व जण बेशुद्ध पडतात. शुद्धीवर येतात तो दारे आपोआप उघडू-मिटू लागतात. कारण कोणालाच उमगत नाही. जेथे कारण सापडत नाही, तेथे मनुष्य दोषी शोधू लागतो. डॉक्टरांनी शिक्षकांवरच घातपाताचा आळ घेतला आणि त्यांना यानाबाहेर घालविण्याची धमकी दिली. बार्बराबाई संतापल्या. रानटी टोळीच्या व डॅलेकांच्या तावडीतून आपण दोघांनीच त्यांना वाचविले. त्यांनी आरोप करण्याऐवजी आभार मानावयास हवेत, असे त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सुनावले. आणि याच बार्बराबाईंनी एकेक चमत्कारिक घटना जुळवून कोडे सोडविले. यान सर्वांना संकटाची सूचना देत होते! ते भलत्याच दिशेने विनाशाकडे चालले होते, आणि त्याचे कारण काय, तर एका कळीखालची लहानशी कमान अडकली होती. डॉक्टरांनी ती मोकळी केली आणि सर्वांचे प्राण वाचले.

यान वाचले, पण दुखावलेले मन कळ दाबून दुरुस्त होत नाही. इयानने डॉक्टरांना चटकन क्षमा केली. बार्बराबाई मात्र अबोल राहिल्या. तेव्हा तो मानी वृद्ध स्वतः त्यांच्यापाशी गेला. आपण तुमच्यावर अन्याय केला, असे त्याने मान्य केले. बाहेर बर्फ पडले होते. डॉक्टरांनी बार्बराबाईंच्या हाती गरम कोट दिला, आधाराला आपला हात पुढे केला, आणि दोघे बर्फावर उतरले. प्रवास सुरू होऊन बरेच दिवस लोटले होते. परंतु चौघांची खरी सोबत येथून सुरू झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे दोन निरोपांचे प्रसंग आले. २६ डिसेंबर १९६४ रोजी दाखविलेल्या भागात सुसान आजोबांपासून दुरावली. ज्या तरुणावर तिचे प्रेम होते, त्याला सोडवत नाही आणि आजोबांनाही टाकवत नाही, अशा पेचात ती पडली होती. डॉक्टरांनी यानाचे दार स्वतः आतून लावून घेतले व तिला मोकळे केले. नंतर १९६५ साली डॅलेकांचे एक काळयान चौघांच्या मंडळीच्या हाती लागले. सुसानच्या जागी आता व्हिकी नावाची मुलगी आली होती. त्या यानातून घरी जाता येईल, असे दोघा शिक्षकांच्या मनात आले. डॉक्टर कमालीचे रागावले. प्रवासात तुमची राख होईल, असे त्यांनी बजावले. धोका खराच होता. परंतु रागामागे वियोगाचे दुःखही होते. व्हिकीने त्यांची समजूत घातली. अखेर त्यांनीच यान चालविण्यास साहाय्य केले. शिक्षक सुखरूप लंडनला पोहोचले. ज्याने एके काळी दार बंद करून त्यांना पळविले होते, त्यानेच त्यांना घरी जाण्याची वाट करून दिली.

ही मालिका १९८९ साली थांबली व २००५ साली पुन्हा सुरू झाली. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी दाखविलेल्या एका भागात डॉक्टरांबरोबर निरनिराळ्या काळी प्रवास केलेली मंडळी एकत्र जमून आपापले अनुभव सांगताना दिसतात. त्यांत एक अतिवृद्ध गृहस्थ बसलेले आहेत. ते इयान होत. १९६३ साली ती भूमिका करणारे विल्यम रसेल यांनीच, वयाच्या ९७ व्या वर्षी, ५७ वर्षांच्या खंडानंतर ती पुन्हा केली. २०२४ साली त्यांचे निधन झाले. प्रवास केव्हाच संपला होता. सोबत मात्र संपली नव्हती.

अभ्यास

१. दोघे शिक्षक सुसानच्या मागोमाग का गेले?
२. इयानने डॉक्टरांचा हात का धरला? त्या वेळी डॉक्टरांनी काय उत्तर दिले?
३. 'जेथे कारण सापडत नाही, तेथे मनुष्य दोषी शोधू लागतो.' या वाक्याचा अर्थ पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
४. डॉक्टर पहिल्या प्रसंगात दार बंद करतात आणि सुसानला निरोप देतानाही दार बंद करतात. या दोन कृतींतील फरक सांगा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : थक्क होणे, आळ घेणे, तोंडावर सुनावणे, समजूत घालणे.
६. सोबत्याने तुम्हांला चुकीच्या गोष्टीपासून अडविले, असा एखादा प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.