एका वस्तूस एकच नाव : मुक्तस्रोत आज्ञावलींच्या माहितीपुस्तिकांतील परिभाषा

कोलकाता शहराच्या दक्षिण भागात बेहाला नावाची मोठी वस्ती आहे. बंगाली भाषेत ‘बेहाला’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : व्हायोलिन हे तंतुवाद्य. तथापि बंगाली मनुष्याचा घोटाळा होत नाही. ‘बेहाला वाजविणे’ व ‘बेहालास जाणे’ यांतील भेद त्यास प्रसंगावरून तत्काळ कळतो. परंतु ज्यास विषयच नवा आहे, त्यास प्रसंगाचा हा आधार नसतो. माहितीपुस्तिकेचा वाचक बहुधा असाच नवखा असतो. म्हणून शास्त्रीय लेखनात एका वस्तूस एकच नाव आणि एका नावाची एकच वस्तू, असा नियम पाळावा लागतो.

अनेक हात, अनेक नावे

ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो, तीस मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. तिची पुस्तिकाही देशोदेशीची माणसे मिळून लिहितात. प्रत्येक जण आपल्या सवयीचा शब्द योजतो आणि एकाच वस्तूस अनेक नावे चिकटतात.

लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली ‘गिट’ ही आज्ञावली याचे उत्तम उदाहरण होय. कामाच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या आवृत्त्या ती जपून ठेवते. बदल कायम नोंदण्यापूर्वी ते एका मधल्या जागी गोळा केले जातात. या जागेस ‘इंडेक्स’, ‘कॅश’ व ‘स्टेजिंग एरिया’ अशी तीन नावे पडली. गिटच्या स्वतःच्या शब्दसूचीने ‘कॅश’ हे नाव कालबाह्य ठरविले. परंतु आज्ञांमध्ये ते टिकून राहिले. त्यातही ‘अप्लाय’ या आज्ञेस ‘कॅश्ड’ हा पर्याय जोडला तर केवळ मधली जागा बदलते. ‘इंडेक्स’ जोडला तर आपल्यापुढील फाइलीही बदलतात. दोन्ही नावे एकाच जागेची असे शिकलेला विद्यार्थी येथे हमखास फसतो.

भाषांतरातील अडचण

भाषांतरात ही अडचण दुणावते. इंग्रजी ‘फाइल’साठी कोणी ‘संचिका’ लिहितो, कोणी ‘धारिका’, तर कोणी ‘फाइल’च ठेवतो. पडद्यावर ‘जतन करा’ आणि पुस्तिकेत ‘साठवा’ असे असल्यास, विद्यार्थी नसलेले बटण शोधीत बसतो. याहून धोका आहे तो एका शब्दाने दोन क्रिया दर्शविण्यात. यादीतून नाव वगळणे आणि फाइल कायमची पुसून टाकणे, या दोहोंसही ‘काढा’ म्हटले, तर वर्षभराचे काम एका क्षणात नाहीसे होऊ शकते.

बंगालीत ‘फायरफॉक्स’ या न्याहाळकाची भारतासाठी व बांगलादेशासाठी दोन निरनिराळी भाषांतरे होती. २०१९ साली ती एकत्र करण्यात आली. तेव्हापासून बेहालातील व ढाक्यातील वाचक एकच भाषांतर वापरू लागले.

उपाय

परिभाषा ठरविण्याचे काम आपल्याकडे नवे नाही. पश्चिम बंगाल शासनाच्या परिभाषा संसदेचे अध्यक्षपद १९४८ साली राजशेखर बसू यांनी भूषविले. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. २००८ साली रेड हॅट या कंपनीच्या पुढाकाराने ‘फ्युएल’ हा प्रकल्प सुरू झाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करून प्रत्येक भाषेच्या जाणकारांनी चर्चेने प्रतिशब्द ठरवावे, अशी त्याची पद्धती असून मराठीचाही त्यात समावेश झाला.

लहान गटासही हे साधता येते. लेखनापूर्वी शब्दसूची करावी. प्रत्येक शब्दापुढे त्याची व्याख्या, स्वीकारलेले नाव आणि टाकलेली नावे लिहावी. टाकलेली नावे मजकुरात उरली आहेत काय, हे संगणकाकडूनच शोधवून घ्यावे. पुढे एखादे नाव बदलणे भाग पडले, तर ते पडदा, आज्ञा व पुस्तिका या तिन्ही ठिकाणी बदलावे. अर्धवट बदलाने एकाची दोन नावे होतात.

निबंधात तोच शब्द पुनःपुन्हा आल्यास शिक्षक तो दोष मानतात. माहितीपुस्तिकेत मात्र तोच गुण ठरतो. कारण तेथे वाचकाची करमणूक करावयाची नसून त्याचा हात अचूक बटणापर्यंत न्यावयाचा असतो.

अभ्यास

१. आपल्या शाळेतील संगणकावरील एखादी मराठी आज्ञावली उघडून पडद्यावरील दहा शब्द उतरून घ्या. पुस्तिकेत तेच शब्द आहेत काय, ते पाहा.

२. ‘वगळणे’, ‘पुसणे’ व ‘रद्द करणे’ या तीन क्रियांतील भेद प्रत्येकी एका वाक्यात लिहा.