वरंधा उतरताना

नीरा नरसिंहपूर, ता. इंदापूर

चि. रोहन यास,

गाडी घेतलीस आणि पहिलीच लांबची फेरी वरंधा घाटातून महाडला काढतोयस, हे वहिनींकडून कळलं. जा. अडवायला लिहीत नाही. पण तुझा हात बसलाय तो बारामती-इंदापूरच्या सपाट रस्त्यावर. इथे फार तर उसाच्या ट्रॉलीमागे तिष्ठत राहावं लागतं.

चढाची काळजी नको; गाडी दमली की तीच सांगते. फसवतो तो उतार. तिशीत असताना मित्राच्या जीपमधून वाघजाईच्या देवळापासून माझेरीकडे उतरत होतो. चालवत मीच होतो, पाय सारखा ब्रेकवर. निम्म्यात जळका वास आला आणि पेडल पार खाली जाऊ लागलं. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, कशीबशी गाडी डोंगराच्या अंगाला टेकवली. चाकाजवळ हात नेला तर धग लागली. मित्र पाण्याची बाटली घेऊन धावला, त्याला तेवढं अडवलं. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तडा जायचा. तासभर गप्प बसून राहिलो.

म्हणून सांगतो, ज्या गिअरमध्ये चढ चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची हुशारी तिथे नको. चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे. थांबताना चाकाला दगड लावलास तर निघताना तो बाजूला कर. लोक तसाच टाकून जातात, आणि मागून येणाऱ्याचं चाक त्यावर चढतं.

रीलमधला पावसाळी घाट डोक्यातून काढ. त्या दिवसांत दरडी येतात, रस्ता बंदही ठेवतात. दिवाळीनंतर जा. पेट्रोल भोरलाच भर आणि आईला फोनही तिथूनच कर, पुढे रेंजचा भरवसा नाही.

भोर सोडलंस की नीरा देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत असतं. घाटाच्या अलीकडे शिरगावला मात्र थांबच. तिथल्या कुंडात नीरेचा उगम आहे. हिच्याच पाण्यावर, 1885 साली सुरू झालेल्या डाव्या कालव्यामुळे, बारामतीचा ऊस उभा राहिला; उरलेली नीरा इथे आमच्या दारात भीमेला मिळते. संगम रोज बघतो, उगम तेवढा राहिला. त्या वेळी महाड गाठायच्या घाईत शिरगावला गाडी थांबवलीच नाही.

येताना तिथलं बाटलीभर पाणी आण.

तुझा,
काका