महानगराचे दैनंदिन जीवन : छायाचित्र आणि मराठी गद्य
(१८६३ मधील दोन ग्रंथांच्या निमित्ताने)

१. प्रश्नाची मांडणी

महानगरीय जीवनावरील मराठी साहित्याची चर्चा करताना समीक्षेत एक शब्दप्रयोग वारंवार आढळतो. एखाद्या कादंबरीत चाळ, नाका किंवा झोपडपट्टी प्रत्ययकारी रीतीने उभी राहिली की ते चित्रण ‘छायाचित्रासारखे हुबेहूब’ आहे असे म्हटले जाते. कधी हा गौरव असतो, तर कधी ‘लेखकाने केवळ छायाचित्र घेतले, त्यापलीकडे तो गेला नाही’ असा आक्षेपही याच शब्दांत घेतला जातो. गौरव असो वा आक्षेप, दोहोंमागे एकच गृहीतक असते. कॅमेरा समोरचे जसेच्या तसे टिपतो आणि लेखक मात्र निवड करतो, असे ते गृहीतक होय.

मुंबईतील छायाचित्रणाचा आरंभकाळ तपासला तर हे गृहीतक टिकत नाही. ज्या काळात मुंबईच्या दैनंदिन जीवनाचे पहिले विस्तृत वर्णन मराठी गद्यात झाले, त्याच काळात या शहरातील रहिवाशांची छायाचित्रेही ग्रंथरूपाने प्रसिद्ध होत होती. या दोन उपक्रमांची तुलना केल्यास रस्त्यावरचे चालतेबोलते जीवन टिपण्यात त्या वेळी गद्य पुढे होते आणि कॅमेरा मागे होता, असे दिसून येते. ही तुलना करणे आणि तिच्या आधारे महानगरीय साहित्य वाचण्याचे, विशेषतः महानगरापासून दूर असलेल्या विद्यार्थ्यांना ते शिकवण्याचे काही निकष सुचवणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. एकाच वर्षातील दोन ग्रंथ

१८६३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी गोविंद नारायण माडगांवकर यांचा ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराच्या, मुंबईतील रहिवासी व येणारेजाणारे लोक यांच्या जातिजमातींवरील सचित्र ग्रंथाचा पहिला खंड लंडनमध्ये निघाला; दुसरा खंड १८६६ मध्ये आला. पहिल्या खंडात मुख्यतः गुजरात, कच्छ व काठेवाड या भागांतील समाज आहेत, तर दुसऱ्यात महाराष्ट्रातील.

या ग्रंथांना पूर्वपीठिका होती. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली होती. युरोपीय हौशी मंडळींबरोबर काही एतद्देशीयही तिच्या कार्यात सहभागी होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतील प्रमुख होत. जॉन्सन यांनी हेंडरसन या सहकाऱ्यासमवेत १८५६ ते १८५८ या काळात छायाचित्रांचे एक मासिक प्रकाशनही चालवले होते. म्हणजे शहर आणि कॅमेरा यांचा परिचय १८६३ मध्ये अगदी नवा नव्हता.

शहर स्वतः मात्र झपाट्याने पालटत होते. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली होती. कापडाची पहिली गिरणी १८५०च्या दशकाच्या मध्यात उभी राहिली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला चढे भाव मिळत होते आणि फोर्टची तटबंदी पाडण्याचे काम याच दशकात हाती घेण्यात आले. अशा क्षणी ‘हे शहर आहे तरी कसे’ हा प्रश्न दोन वेगळ्या साधनांनी विचारला गेला.

३. काचेची तबकडी आणि रस्त्यावरची गर्दी

जॉन्सन यांची चित्रे ज्या पद्धतीने सिद्ध झाली ती समजून घेतल्याशिवाय तुलना पुढे जाऊ शकत नाही. १८५१ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची पद्धत त्या काळी रूढ होती. काचेच्या तबकडीवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि थर ओला आहे तोवरच प्रकाशचित्र घेऊन ते सिद्धही करायचे, असा हा क्रम होता. थर वाळला की तबकडी निकामी होई. त्यामुळे घराबाहेर काम करायचे तर काळोखी तंबू, रसायने, पाणी व तिपाई हा सारा संसार बरोबर न्यावा लागे. शिवाय प्रकाश देण्यास काही सेकंद लागत. तेवढा वेळ जो स्थिर राही तो उमटे. जो चालत राही तो पुसट होई किंवा नाहीसाच होई.

छायाचित्रणाच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. पॅरिसमध्ये १८३८ च्या सुमारास डागेर याने खिडकीतून एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. चित्रात रस्ता जवळजवळ ओस दिसतो. गाड्या, घोडे, पादचारी सारे हलत असल्याने उमटलेच नाहीत. बूट पुसून घेण्यासाठी एके जागी थांबलेला माणूस तेवढा ओळखू येतो. गर्दी होती, पण चित्रात ती शिल्लक राहिली नाही. ज्याला आज आपण कॅमेऱ्याची वस्तुनिष्ठता म्हणतो तिचा आरंभ असा आहे.

जॉन्सन यांनी या अडचणीवर जो मार्ग काढला तो अधिक विचार करावा असा आहे. त्यांच्या ग्रंथातील अनेक चित्रे जोडचित्रे आहेत. माणसांचे समूह चित्रशाळेत, हातपाय स्थिर ठेवून, विशिष्ट वेषात घेतलेले आहेत आणि त्यांच्या मागे बाहेरच्या स्थळाचे वेगळे चित्र छपाईच्या वेळी जोडलेले आहे. पाहणाऱ्यास ते लोक मोकळ्या जागी उभे आहेत असे वाटते. वस्तुतः तो माणूस त्या स्थळी त्या क्षणी उभा नव्हता. चित्राखालचे नावही सामान्यतः व्यक्तीचे नसून ज्ञातीचे असते. व्यक्ती येथे नमुना म्हणून येते. तिचा पोशाख, पागोटे व दागिने दिसतात. तिचा दिवस दिसत नाही. ती कोठून आली, कोणाशी सौदा करून परतली, याला चित्रात जागा नाही.

म्हणून येथे दोन मर्यादा वेगळ्या कराव्या लागतात. गर्दी न उमटणे ही तंत्राची मर्यादा होती. माणसाला नमुना मानणे ही दृष्टीची मर्यादा होती. पहिली पुढे दूर झाली. दुसरी तशी आपोआप दूर होणारी नव्हती.

४. माडगांवकरांचे गद्य

माडगांवकर हे मूळचे गोव्याचे आणि व्यवसायाने शिक्षक. त्यांच्या ग्रंथातही जातींची गणना आहे, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. या बाबतीत ते आपल्या काळाबाहेर नाहीत. इंग्रजी राजवटीने घडवलेल्या सुधारणांबद्दल त्यांना वाटणारे कौतुकही उघड आहे. ‘गद्य मुक्त आणि कॅमेरा बंदिस्त’ असा सोपा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

तथापि वर्णनाची रचनाच वेगळा परिणाम घडवते. देवळे, बाजार, तलाव, गोदी, कापसाचा व्यापार, गिरण्या, आगगाडी, शाळा अशा क्रमाने शहर उलगडत जाते, आणि त्यामुळे एका प्रकरणातील माणसे दुसऱ्या प्रकरणात दुसऱ्या नात्याने भेटतात. जातीच्या यादीत जो केवळ नाव होता तो बाजारात विक्रेता होतो, गोदीवर मजूर होतो. मराठी वाक्याला येथे असे एक सामर्थ्य लाभले आहे, जे त्या वेळच्या तबकडीला नव्हते. ते ‘येथे पूर्वी काय होते’ हेही सांगू शकते. आजची इमारत आणि कालची मोकळी जागा एकाच वाक्यात नांदू शकतात. लोकोपयोगी कामे कोणी केली, कशासाठी केली, हा कार्यकारणभावही त्यात सामावतो. दैनंदिन जीवन म्हणजे क्षणांची मालिका असेल, तर ती मालिका वाक्यात मावली आणि तबकडीवर मावली नाही.

मराठी गद्याच्या इतिहासातही या गोष्टीला महत्त्व आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ ची. म्हणजे मराठी कथनपर गद्य अजून बाल्यावस्थेत होते. अशा वेळी समकालीन शहर हा वर्ण्यविषय मानून ग्रंथभर निरीक्षण टिकवणे हे पुढील वास्तवदर्शी कादंबरीचे एक पूर्वाध्ययन ठरते.

५. तंत्र बदलले, प्रश्न उरला

१८७०च्या दशकात कोरड्या तबकड्या आल्या, १८८८ मध्ये कोडॅकचा हाती धरायचा कॅमेरा आला आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आला. सेकंदाच्या लहानशा अंशात चालता माणूस टिपता येऊ लागला. पण मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा घरझडती, रुग्णालये व निर्जंतुकीकरण यांची जी छायाचित्रे घेतली गेली, त्यांत सामान्य माणूस पुन्हा प्रशासनाच्या नजरेनेच पाहिला गेला. कॅमेरा जलद झाला होता. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांतील अंतर तेवढेच होते.

हे अंतर साहित्यात मोडले गेले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह १९६६ चा. गिरणी कामगाराने वाढवलेल्या अनाथ मुलाने रस्त्याला विद्यापीठ म्हटले, तेव्हा आजवर ज्याचे वर्णन होत असे तोच वर्णनकर्ता झाला. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) मध्ये नाक्यावरची पोरे दुरून पाहिलेली नाहीत. निवेदन त्यांच्यातल्याच पोक्याच्या बोलीत आहे. त्या पुस्तकावर उठलेले वादळ केवळ अश्लीलतेचे नव्हते. नाक्याने स्वतः बोलावे हेही तत्कालीन अभिरुचीला नवे होते. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) मध्ये हा बदल टोकाला पोहोचतो. त्या संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे आणि तीत ते त्या वस्तीतील अपरिचित शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घेतात. मुंबईतच राहणाऱ्या एका जाणत्या लेखकाला मुंबईच्या एका भागात शिरताना वाटाड्या लागला, ही गोष्ट या लेखाच्या अखेरच्या प्रश्नासाठी महत्त्वाची आहे.

छायाचित्रणातही समांतर वाटचाल दिसते. रघुवीर सिंह यांचा मुंबईवरील रंगीत छायाचित्रांचा ग्रंथ १९९४ मध्ये आला. दुकानांच्या काचा आणि आरसे यांतून आतले ग्राहक व बाहेरचा रस्ता एकाच चौकटीत आणण्याची त्यांची रीत लक्षणीय आहे. येथे पार्श्वभूमी मागाहून जोडलेली नाही. ती काचेत त्याच क्षणी हजर आहे. जॉन्सन यांच्या जोडचित्रात जे दोन तुकडे एकमेकांना अपरिचित होते ते येथे एका नजरेत भेटतात. अरुण कोलटकर यांनी काळा घोडा परिसरातील उपाहारगृहाच्या खिडकीतून पाहिलेले पदपथावरचे जीवन त्यांच्या २००४ मधील इंग्रजी कवितासंग्रहात आले. जाहिरातक्षेत्रात दृश्यकलेचे काम केलेल्या या कवीने तीच ती जागा वर्षानुवर्षे पाहिली. खिडकी डागेरचीही होती. फरक असा की कोलटकरांच्या खिडकीतून चालणारी माणसे नाहीशी झाली नाहीत.

६. भंडाऱ्यातील वर्ग आणि मुंबईचे साहित्य

वरील विवेचनाचा अध्यापनाशी संबंध आहे. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याने मुंबई पाहिलेली असतेच असे नाही. ‘गोलपिठा’ किंवा ‘वासूनाका’ शिकताना ‘हे खरोखर असेच असते का’ असा प्रश्न तो विचारतो, आणि शिक्षक कित्येकदा त्याला एखादे छायाचित्र दाखवून निकाल देतो. साहित्याची सत्यता छायाचित्राने सिद्ध होते, असा समज त्यातून दृढ होतो. विद्यार्थ्याच्या मनात त्याबरोबर एक न्यूनगंडही रुजतो: शहर न पाहिलेल्याला हे साहित्य पुरते कळणारच नाही, असा.

या न्यूनगंडाला इतिहासाचा आधार नाही. माडगांवकर गोव्याचे, ढसाळ पुणे जिल्ह्यातील खेड्यातून आलेले, कोलटकर कोल्हापूरचे, रघुवीर सिंह जयपूरचे. शहर लख्ख दिसले ते बहुधा बाहेरून आलेल्यांनाच. जो आत होता त्यालाही, तेंडुलकरांच्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे, नवे शब्द शिकावेच लागले.

शिवाय नमुन्याची नजर ही मुंबईपुरती नव्हती. भंडारा जिल्हा मध्य प्रांतात असताना रसेल व हिरालाल यांचा त्या प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा सचित्र ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. तलाव बांधून शेती फुलवणारे कोहळी हे या जिल्ह्याच्या इतिहासातील ठळक नाव. पण त्या कोशाची रचना जातवार आहे. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याला जॉन्सन समजण्यासाठी मुंबईला जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यावरील असे पान उघडून ‘येथे काम करणारा माणूस कोठे आहे’ असे त्याने विचारले तरी पुरे.

म्हणून दैनंदिन जीवनाचे कोणतेही चित्रण, मग ते छायाचित्र असो वा गद्य, वाचताना तीन प्रश्न वर्गात विचारता येतील. एक, या चित्रणात किती काळ सामावला आहे. क्षण, दिवस की ‘पूर्वी आणि आता’? दोन, चित्राखाली किंवा वाक्यात जे नाव आहे ते माणसाचे, कामाचे की जातीचे? तीन, जो पाहिला जात आहे त्याला उत्तर देण्याची जागा ठेवली आहे काय? या प्रश्नांसाठी प्रात्यक्षिकही सहज योजता येईल. आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईलचा कॅमेरा आहे. तुमसरचा भातबाजार किंवा गावचा आठवडी बाजार यांचे एक छायाचित्र आणि तीनशे शब्दांचे वर्णन प्रत्येकाने सिद्ध करावे, आणि मग दोहोंना हे तीन प्रश्न लावावेत. छायाचित्र घेण्यापूर्वी समोरच्याची संमती घेणे आणि त्याचे काम त्याच्याच शब्दांत टिपून घेणे, हाही अभ्यासाचाच भाग मानावा. विक्रेत्याची झाडीबोली प्रमाण मराठीत आणताना काय गळाले, याची नोंदही त्यातच व्हावी.

तबकडी वाळण्याची भीती आता उरलेली नाही. एका क्षणात शेकडो चित्रे घेता येतात. तरीही घाईने घेतलेल्या चित्राखाली ‘मजूर’, ‘बाई’, ‘गर्दी’ एवढेच लिहिले तर १८६३ चीच मर्यादा नव्या यंत्रात परत येते. ‘छायाचित्रासारखे हुबेहूब’ हा शब्दप्रयोग मराठी समीक्षेने म्हणूनच जपून वापरला पाहिजे. कोणते छायाचित्र, कोणी घेतलेले आणि कोणाच्या नावाने, एवढे स्पष्ट केल्यावरच तो शब्द साहित्यकृतीविषयी काही सांगू शकेल.